बाकीच्या बायका कुठं गेल्या? : चौकटीबद्दल थोडं

आजच्या व्याख्यानाला 'छायाचित्र आणि व्हिडिओ : रचनेची मूलतत्त्वं' असं भारदस्त नाव दिलंय. मुद्दा मात्र साधा आहे. समोर एवढं सगळं पसरलेलं असताना चौकटीत काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे ठरवणं म्हणजे रचना. चित्रकार कोऱ्या कागदावर एकेक गोष्ट आणून ठेवतो. कॅमेरावाला भरलेल्या जगातून एकेक गोष्ट कमी करत जातो. त्याची बेरीज, आपली वजाबाकी. आणि वजाबाकीत हातचा चुकला की सगळं उत्तर चुकतं, हे शाळेत आपण सगळेच शिकलोय. (हशा)

माझा स्वतःचा हातचा कसा चुकला ते आधी सांगतो, म्हणजे पुढे दुसऱ्यांवर टीका करायला मी मोकळा.

पंधराएक वर्षं झाली असतील. माण तालुक्यातलं एक गाव, मे महिना. टँकर आला होता. मी एक बाई निवडली. डोक्यावर हंडा, चाल संथ, मागून उतरतं ऊन. तिला चौकटीच्या उजव्या तिसऱ्या भागावर ठेवलं, क्षितिज वरच्या रेषेवर बसवलं आणि डावीकडे मोकळा माळ सोडला. पुस्तकात दाखवतात तसं, अगदी तंतोतंत. या फोटोला एका स्पर्धेत बक्षीस मिळालं. मोकळ्या जागेचा वापर किती सुंदर केलाय, असं परीक्षक म्हणाले.

पुढच्या खेपेला मी त्या बाईंना फोटोची प्रत नेऊन दिली. त्यांनी पदराला हात पुसले, फोटो लांब धरून बघितला आणि म्हणाल्या, "मी बरी दिसतीया. पन बाकीच्या बायका कुठं गेल्या? मी एकलीच व्हते व्हय पान्याला?"

बाकीच्या बायका माझ्या डाव्या कडेच्या बाहेर होत्या. तीस-चाळीस जणी, प्लॅस्टिकच्या घागरी, टँकरची नळी, चिखल, नंबरावरून चाललेली भांडणं. मला ते सगळं गचाळ दिसत होतं. म्हणून मी चार पावलं सरकलो, गुडघ्यावर बसलो आणि रांग कापली. रांगेबरोबर टंचाईही फोटोतून गेली. उरली एक देखणी, एकटी बाई, जी जणू हौसेने पाणी आणायला निघालीय.

आता तुम्ही म्हणाल, यात नियमाचा काय दोष? बरोबर आहे. पण नियम आला कुठून, ते बघू. मोबाईलच्या सेटिंगमध्ये ग्रिड सुरू केली की दोन उभ्या, दोन आडव्या रेषा येतात. तोच हा तृतीयांशाचा नियम, म्हणजे रूल ऑफ थर्ड्स. हे नाव 1797 साली जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराच्या पुस्तकात सापडतं. पुस्तक ग्रामीण निसर्गचित्रांबद्दलचं. आकाश किती, जमीन किती, उजेड किती, सावली किती, असा त्याचा हिशेब. फोटोग्राफी जगासमोर आली 1839 साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. निसर्गचित्रासाठी सुचवलेला एक अंदाज आज आपण लग्नापासून मोर्चापर्यंत सगळ्याला लावतो, आणि वर्गात पहिल्याच दिवशी शिकवतो. माझी तक्रार त्या 'पहिल्याच दिवशी'बद्दल आहे.

मला विचाराल तर क्रम असा हवा. पहिल्यांदा पाय. कुठे उभं राहायचं? झूम केल्याने सगळं सारखंच मोठं होतं. जवळच्या आणि लांबच्या वस्तूचं आपसातलं प्रमाण बदलायचं तर पायच हलवावे लागतात. मग उंची. लहान मुलाचा फोटो आपण उभ्याने काढतो आणि मूल आपल्याकडे मान वर करून बघतं. खाली बसा, नातंच बदलतं. मग चारही कडा. बटण दाबण्याआधी नजर एकदा कडेकडेने फिरवा, कोणाचा हात तुटलाय, कोण अर्धा राहिलाय. मग पाठीमागचं. आणि हे सगळं झाल्यावर त्या रेषा. चेहरा ज्या बाजूला बघतोय त्या बाजूला थोडी जागा सोडा, डोक्यावर उगाच आभाळ ठेवू नका, हे सगळं उपयोगाचं आहे, शिकाच. पण ती वाढून झाल्यावर घालायची कोथिंबीर आहे. नुसत्या कोथिंबिरीने जेवण होत नाही. (हशा)

व्हिडिओमध्ये आणखी एक गोष्ट येते, वेळ. माणूस चौकटीत येतो, राहतो, जातो. कॅमेरा कधी थांबवायचा, हासुद्धा रचनेचाच प्रश्न आहे. दोन मराठी चित्रपटांतून हे बघू.

पहिला नागराज मंजुळे यांचा 2013 सालचा 'फँड्री'. जब्याचं कुटुंब गावात डुक्कर पकडतंय आणि गाव बसून तमाशा बघावा तसं बघतंय. शेवटी डुक्कर सापडतं, काठीला लटकवून ते घेऊन निघतात, आणि मागे शाळेची भिंत येते. भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई आणि इतर थोरांची चित्रं रंगवलेली. कॅमेरामन विक्रम अमलाडी. आता विचार करा, हाच शॉट मोबाईलच्या पोर्ट्रेट मोडवर घेतला असता तर? भिंत धूसर झाली असती, माणसं उठून दिसली असती, आणि शॉट मेला असता. किंवा आधी डुक्कर, मग कट करून भिंत, असं दाखवलं असतं तर दिग्दर्शक आपल्याला बोट धरून शिकवतोय असं वाटलं असतं. इथे दोन्ही एकाच चौकटीत आहेत. डुक्कर वाहणारी माणसं भिंतीवरून सरकत जातात आणि भिंत तिथेच राहते. 'पाठीमागचं बघा' म्हणतो ते यासाठी.

आणि शेवट तुम्हाला माहीतच आहे. जब्या दगड भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्याकडे येतो आणि पडदा काळा होतो. इतका वेळ आपण चौकटीबाहेर सुरक्षित बसलो होतो. बघ्यांची रांग आपल्यापर्यंत आली होती, हे तेव्हा कळतं.

पण टीका करायची तर पुरती करू. या चित्रपटातली शालू आठवा. जब्या तिच्याकडे बघतो तसाच कॅमेराही बघतो. ती सुंदर दिसते, गप्प असते, आणि तिच्या मनात काय आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. जब्याची नजर दाखवायची म्हणून हे केलंय, असं म्हणता येईल, आणि ते पटण्यासारखंही आहे. तरी मला माझी हंडेवाली आठवते. एवढ्या जागरूक दिग्दर्शकाच्या वजाबाकीतही कोणीतरी गेलंच.

दुसरा चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'. 2014 साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कॅमेरा मृणाल देसाई यांचा. बरेच जण मला म्हणाले, "सर, त्यात कॅमेरा हलतच नाही, झोप येते." हलत नाही हे बऱ्याच अंशी खरं आहे. कॅमेरा लांब उभा राहतो आणि अख्खी खोली दाखवतो. न्यायाधीश, टायपिस्टला सांगितला जाणारा मजकूर, वकील, आपला नंबर येण्याची वाट बघणारे लोक. नारायण कांबळे हा शाहीर आरोपी आहे, त्याचं आयुष्य पणाला लागलंय, पण त्या खोलीत तो अनेकांतला एक. नेहमीच्या सिनेमात इथे त्याच्या डोळ्यांचा क्लोजअप आला असता, आपण हळहळलो असतो आणि घरी गेलो असतो. ताम्हाणे आपल्याला हळहळू देत नाहीत, रांगेत बसवतात. माझ्या फोटोत कापलेली रांग इथे शाबूत आहे.

आणि तो प्रसंग. कोर्टाला सुट्टी लागते, लोक निघून जातात, दिवे बंद होतात. आपल्याला वाटतं, संपला चित्रपट. कॅमेरा मात्र त्या अंधाऱ्या खोलीसमोर थांबूनच राहतो. चौकटीत बघण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि आत अडकलेल्या माणसाचं काय, हा प्रश्न तेवढा उरतो. वेळेची रचना म्हणतात ती ही.

एक सावधगिरीही सांगतो. 'कोर्ट'नंतर विद्यार्थ्यांच्या लघुपटांत तिपाईवर कॅमेरा ठोकून चार चार मिनिटं भिंत दाखवायची साथ आलेली मी पाहिली आहे. कॅमेरा स्थिर ठेवला की गंभीर सिनेमा होतो असं नाही. ग्रिड जशी आंधळेपणाने वापरता येते तशी स्थिरताही.

मागे एकदा श्रोत्यांतून प्रश्न आला होता, "मग सुंदर फोटो काढूच नयेत का?" काढावेत की. डोळ्याला गोडी लागल्याशिवाय कोणी बघायला थांबत नाही. माझं म्हणणं इतकंच, की सौंदर्यासाठी काय कापलं याचा हिशेब काढणाऱ्याकडे असावा.

म्हणून या आठवड्याचा गृहपाठ. घराजवळ एक जागा निवडा, एसटी स्टँड, भाजी मंडई, काहीही. एका जागी उभं राहून तुम्हाला आवडेल तसा एक फोटो काढा. मग तिथूनच चारही कडांच्या बाहेर काय होतं ते वहीत लिहा. डावीकडे कोण, उजवीकडे कोण, वर काय, खाली काय. ही यादी वाचून दुसरा फोटो काढा. आणि जमलं तर दोन्ही फोटो त्यातल्याच एखाद्या माणसाला दाखवा, तो काय म्हणतो ते मध्ये न बोलता ऐका. स्पर्धेचे परीक्षक सांगणार नाहीत ते तो सांगेल.

मी तो बक्षीसपात्र फोटो अजून भिंतीवर ठेवलाय. खाली चिठ्ठी चिकटवली आहे : 'बाकीच्या बायका कुठं गेल्या?' पुढच्या वेळी आपण उजेडाबद्दल बोलू.