वाचकाला किती चालवावं? : ‘किंग्डम कम : डिलिव्हरन्स 2’ आणि त्याचे खेळाडू

‘किंग्डम कम : डिलिव्हरन्स’ या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग 4 फेब्रुवारी 2025 रोजी बाजारात आला. प्रागमधल्या वॉरहॉर्स स्टुडिओजने तो तयार केला आहे. पहिल्या 24 तासांत त्याच्या दहा लाख प्रती खपल्या आणि दोन आठवड्यांच्या आत हा आकडा वीस लाखांवर गेला. मात्र साहित्याच्या नियतकालिकात त्याबद्दल लिहावंसं वाटलं ते खपामुळे नाही, तर खेळणाऱ्यांमध्ये झालेल्या वादामुळे. हा वाद मला फार ओळखीचा वाटला. परक्या काळात, परक्या भाषेत वाचकाला नेताना त्याची किती सोय पाहायची, यावर आम्ही अनुवादक वर्षानुवर्षं भांडत आलो आहोत. इथे तेच भांडण तलवारी आणि घोड्यांच्या निमित्ताने चाललं होतं.

जे गेम खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ओपन-वर्ल्ड रोल-प्लेइंग गेममध्ये एक पात्र आपलं असतं आणि एक मोठा प्रदेश आपल्यापुढे मोकळा असतो. कुठे जायचं, कुणाशी काय बोलायचं, कुणाला लुटायचं किंवा वाचवायचं हे आपण ठरवायचं. या प्रकारात एरवी जादूटोणा आणि ड्रॅगन यांची रेलचेल असते. इथे त्यातलं काही नाही. साल 1403, देश बोहेमिया. राजा चौथा वाक्लाव कैदेत आहे आणि त्याचा सावत्र भाऊ, हंगेरीचा राजा सिगिस्मंड, देश लुटतो आहे. आपण आहोत हेन्री, स्कालित्स नावाच्या गावात लोहाराच्या घरी वाढलेला पोरगा. 2018 साली आलेल्या पहिल्या भागात सिगिस्मंडच्या फौजेने त्याचं गाव जाळलं, आईबापांना मारलं. दुसरा भाग तिथूनच पुढे चालू होतो.

सुरुवातीला हेन्री आणि त्याचा तरुण सरदार हान्स केपन एक निरोपाचं पत्र घेऊन ट्रॉस्कीच्या किल्ल्याकडे निघालेले असतात. वाटेत तळ्यावर आंघोळीला उतरतात, तेवढ्यात हल्ला होतो. जीव वाचतो, पण अंगावरच्या चिंध्यांखेरीज हाती काही उरत नाही. किल्ल्याच्या दारावर हान्स ओरडून सांगतो की मी अमुक घराण्याचा. पहारेकरी हसतात. पुढे खानावळीत मारामारी होते आणि दोघांना भर चौकात खोड्यात अडकवलं जातं. पहिल्या भागात कमावलेली हेन्रीची सगळी कसबंही जखमांबरोबर गेलेली असतात.

खेळाडूंची पहिली तक्रार नेमकी याच तासांबद्दल होती. फार संथ आहे, फाटके दरोडेखोरसुद्धा आपल्याला लोळवतात, कपडे मळके असले की लोक नीट बोलत नाहीत, आणि मुख्य म्हणजे हवं तेव्हा खेळ ‘सेव्ह’ करता येत नाही. त्यासाठी ‘सेव्हियर श्नॅप्स’ नावाची दारू लागते. ती विकत घ्या, नाहीतर जंगलातून वनस्पती आणून, भट्टीवर बसून स्वतः बनवा. झोपल्यावर आणि कथेच्या काही टप्प्यांवर खेळ आपोआप नोंदला जातो, पण मधल्या वाटेवर केलेली चूक तुमच्या नावावर राहते. यावर कंटाळून गेम सोडणारे होते. आणि चाळीस तासांनंतर, ज्या वाटेवर मार खाल्ला त्याच वाटेवरून चिलखत घालून जाताना काय वाटलं ते भरभरून सांगणारेही होते. एप्रिल 2025 मध्ये निर्मात्यांनी ‘हार्डकोर’ प्रकार फुकट दिला. त्यात नकाशावर आपण कुठे आहोत हे दिसत नाही, एका ठिकाणाहून दुसरीकडे झटकन जाता येत नाही, शिवाय हेन्रीला काही खोडी स्वतःहून चिकटवून घ्याव्या लागतात. हेही लोकांनी आनंदाने स्वीकारलं.

माझा कल या दुसऱ्या गटाकडे आहे. त्याचं कारण मात्र ‘कठीण तेच चांगलं’ हे नाही. नुसता कठीणपणा शत्रूचं बळ दुप्पट करूनही आणता येतो. इथली अडचण त्या जगाच्या चालीरीतींतून येते. सरदार कपड्यांवरून, घोड्यावरून आणि सोबतच्या पत्रावरून ओळखला जायचा, हे इतिहासाच्या पुस्तकात एका वाक्यात उरकतं. किल्ल्याच्या दारात चिंध्यांत उभं राहून, खरं बोलूनही खोटं ठरल्यावर ते वाक्य अंगाला लागतं. चांगल्या अनुवादात तळटीप टाळून जे साधायचं असतं, ते हेच.

याच कसोटीवर दुसरा भाग एका बाबतीत मला पहिल्यापेक्षा उणा वाटतो, आणि खेळाडूंच्या कौतुकात हा मुद्दा क्वचितच येतो. पहिल्या भागात हेन्रीला वाचता येत नसे. पुस्तक उघडलं की पडद्यावर अक्षरांची खिचडी दिसे. प्रत्येक शब्दातली अक्षरं जागा सोडून बसलेली. एका लेखनिकाकडे जाऊन, पैसे मोजून, दिवस घालवून शिकावं लागे. मग पानावर एखादा शब्द स्थिर होई, मग दोन, मग ओळ. साक्षरतेवर कितीतरी कादंबऱ्यांनी लिहिलं आहे, पण साक्षर वाचकाला पुन्हा निरक्षर करणं छापील कादंबरीला जमणं कठीण. आपल्याकडे परराज्यात गेल्यावर बसच्या पाटीसमोर ज्याची बोबडी वळली आहे त्याला ही अवस्था सांगायला नको. दुसऱ्या भागात हेन्रीला वाचता येतं, ते कथेच्या दृष्टीने रास्तच आहे. परंतु त्या कल्पनेच्या जागी तितक्या ताकदीचं काही आलेलं नाही. लोहारकाम नव्याने आलं आहे, लोखंड तापवून, पलटून, ठोकून तलवार घडवता येते. हाताला ते सुख देतं. अक्षर जुळण्याचं सुख वेगळं होतं.

भाषेच्या बाजूने दुसरा भाग पुढे गेला आहे तो दुसऱ्या ठिकाणी. पहिला भाग आला तेव्हा त्यात चेक भाषा फक्त अक्षरांत होती. बोहेमियातले शेतकरी, पाद्री, सरदार सगळे इंग्रजीत बोलत आणि चेक खेळाडू आपल्याच खेड्यांची भाषा पडद्याच्या तळाशी वाचत. दुसऱ्या भागात पहिल्या दिवसापासून चेक आवाज आहेत. दोन्ही कानांनी ऐकलं की अनुवादाचे जोड दिसू लागतात.

एक उदाहरण देतो. हेन्रीच्या तरुण मालकाचं चेक नाव यान प्ताचेक. तो इतिहासात खरोखर होऊन गेला. ‘प्ताचेक’ म्हणजे छोटा पक्षी, पाखरू. आजच्या चेक बोलीत पक्ष्याला एक चावट अर्थही आहे. इंग्रजीत त्याचं केलं आहे ‘हान्स केपन’, आणि केपन म्हणजे खच्ची केलेला कोंबडा. बाईलवेड्या, बढाईखोर, पण मनाने कोवळ्या पोराला हे नाव देण्यात अनुवादकाने पक्षी राखला, चावटपणा राखला, आणि वर एक टपली मारली. मराठीत मी काय करेन? ‘पाखरे’ हे आडनाव आपल्याकडे आहे, पण त्यात टोमणा नाही. ‘कोंबडे’ म्हटलं तर टोमणा येतो आणि सरदारकी जाते. उलट त्याच गोष्टीत रादझिग कोबिला हे नाव इंग्रजीतही तसंच आहे. कोबिला म्हणजे घोडी, हे चेक खेळाडूला ऐकताक्षणी कळतं, इंग्रजी खेळाडूला अजिबात नाही. एकाच कथेत एक नाव अनुवादलं, एक ठेवलं. नियम म्हणून हे विसंगत आहे. पण केपनच्या नावावर विनोद चालतात, कोबिलाच्या नावाचा धाक हवा असतो, हे पाहिलं की निवड पटते.

दुसरा मुद्दा संबोधनाचा. इंग्रजीत हेन्री आणि हान्स दोघेही एकमेकांना ‘यू’ म्हणतात. चेकमध्ये मराठीसारखंच तू आणि तुम्ही आहे. या दोघांची गोष्ट म्हणजे चाकर आणि मालक हळूहळू मित्र होण्याची गोष्ट, खेळाडूची इच्छा असेल तर प्रियकर होण्याचीही. मराठी अनुवादकाला प्रत्येक प्रसंगात ठरवावं लागेल की हेन्री ‘सरकार, आपण’ म्हणतो, ‘तुम्ही’ म्हणतो, की एकांतात, दारूच्या तारेत, पहिल्यांदा ‘तू’ म्हणतो. इंग्रजीत जे नटाच्या आवाजावर सोपवलं आहे, ते आपल्याला क्रियापदात लिहावं लागेल. आणि रस्त्यावर भेटणारा प्रत्येक माणूस येशू ख्रिस्ताची स्तुती करून अभिवादन करतो, ज्यावर खेळाडूंनी भरपूर विनोद केले, ते आपल्याला मुळीच विचित्र वाटणार नाही. रामराम करणाऱ्या माणसाला देवाच्या नावाने भेटणं नवं नाही. ख्रिस्तस्तुतीची मराठी तर 1616 साली गोव्यातल्या राचोलला छापल्या गेलेल्या ‘क्रिस्तपुराणा’पासून आपल्याकडे आहे.

गेमचा उत्तरार्ध कुटेनबर्ग शहरात घडतो. आजचं त्याचं नाव कुत्ना होरा. हे चांदीच्या खाणींचं शहर. इथे प्रागचे ग्रोशन पाडले जात आणि खाणींमुळे जर्मन बोलणारे लोक इथे मोठ्या संख्येने होते. इंग्रजी आवृत्तीत गावांची जर्मन धाटणीची नावं वापरली आहेत, त्यावर काही खेळाडू नाराज झाले. मला मात्र ती नावं त्या काळची आठवण देतात. गेमच्या काळानंतर सहाच वर्षांनी, 1409 मध्ये, याच शहरात वाक्लाव राजाने फर्मान काढून प्राग विद्यापीठातल्या मतांची वाटणी बदलली. चेक गटाला तीन मतं मिळाली, बाकी सगळ्यांना मिळून एक. जर्मन अध्यापक आणि विद्यार्थी विद्यापीठ सोडून गेले आणि लाइपझिगचं विद्यापीठ उभं राहिलं. भाषेवरून विद्यापीठ फुटणं काय असतं हे भारतीय वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. गेममध्ये हे फर्मान येत नाही. पण बाजारात, खाणीत, यहुदी मोहल्ल्यात फिरताना या शहरात कोण कुणाचा याचा हिशेब कानावर पडत राहतो.

मला सर्वांत आवडलेला प्रसंग मात्र शहरातला नाही. सिगिस्मंडच्या फौजेतून पळालेले काही कुमान सैनिक रानात लपलेले भेटतात. हेन्रीचं गाव जाळणारे हेच लोक. त्यांची भाषा त्याला येत नाही. त्यांच्यातला एकजण तुटकं तुटकं बोलून दुभाष्याचं काम करतो. आपण त्यांना मारू शकतो, किंवा त्यांच्याबरोबर बसून पिऊ शकतो. पहिल्या भागात ज्यांना न बोलता कापलं त्यांच्या तोंडी इथे विनोद, गाणी आणि घरची आठवण येते. एक दुभाष्या मध्ये आला आणि शत्रूला वाक्यं मिळाली. अनुवादाबद्दलचा इतका सरळ युक्तिवाद मी अलीकडे निबंधातही वाचलेला नाही.

खेळाडूंचा दुसरा मोठा वाद ‘अस्सलपणा’चा. 2018 मध्ये गेमवर आक्षेप होता की त्यात गोऱ्यांखेरीज कुणी नाही. निर्मात्यांनी इतिहासाकडे बोट दाखवलं आणि एक मोठा गट त्यांच्या बाजूने उभा राहिला. 2025 मध्ये सिगिस्मंडच्या छावणीत मालीहून आलेला मुसा नावाचा विद्वान वैद्य दिसला, हेन्री आणि हान्सच्या प्रेमाची शक्यता दिसली, आणि त्याच गटातले अनेकजण निर्मात्यांवर उलटले. दोन्ही वेळी इतिहास दाखल्यासारखा वापरला गेला. प्रत्यक्षात मुसा हे पात्र सुरेख लिहिलेलं आहे. त्याला जग पाहिलेल्या माणसाचा थकवा आहे, आणि हेन्रीच्या देशाकडे परक्याच्या नजरेने पाहणारा तो एकटाच आहे. ज्यांना खरोखर अस्सलपणाची काळजी आहे त्यांनी बायकांच्या पात्रांकडे पाहायला हवं होतं. वैदू बाई, खानावळवाली, न्हाणीघरातल्या बाया: त्यांची कामं तपशिलाने दाखवली आहेत, त्यांचं मन फारसं नाही. कातेरिना हा अपवाद, तोही पुरेसा नाही. ही उणीव 1403 सालच्या माथी मारता येणार नाही. ती लेखकांची आहे.

तरीही या गेमने मला अस्वस्थ केलं ते आपल्याकडे पाहताना. चेक बोलणारे लोक साधारण एक कोटी. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींहून अधिक. पहिल्या भागासाठी या मंडळींनी 2014 मध्ये लोकवर्गणीतून 11 लाख पौंडांहून जास्त रक्कम जमवली, ती राजाची गोष्ट सांगायला नव्हे, तर लोहाराच्या घरातल्या मुलाची. आपली ऐतिहासिक कादंबरी बहुतांशी वाड्याच्या सज्जातून खाली पाहत आली आहे. घोड्याचा नाल ठोकणारा, चावडीवर पत्र वाचून घेण्यासाठी ताटकळणारा, दुभाष्याच्या भरवशावर सौदा करणारा माणूस तिच्यात गर्दीचा भाग असतो. मोडी लिपीतली लाखो कागदपत्रं आपल्या दप्तरांत आहेत, आणि त्यांतली बरीचशी अशाच माणसांच्या देण्याघेण्याची, तंट्यांची आहेत. सामग्री कमी नाही.

उद्या कुणी मराठीत असा खेळ केला, तर पहिला सल्ला येईल की आधी इंग्रजीत करा, मराठी खाली अक्षरांत देऊ. वॉरहॉर्सनेही पहिल्यांदा तेच केलं. काही वर्षांनी त्यांची खेडी आपल्या भाषेत बोलू लागली, आणि बाकीचं जग त्यामुळे थांबलं नाही. वाचकाला थोडं चालवलं तर तो येतो, हे वीस लाख प्रतींनी दाखवलं आहे. आपल्या माणसांना पडद्यावर आपल्या भाषेत बोलू द्यायला तितकी वर्षं थांबायचं की नाही, एवढंच आपण ठरवायचं आहे.