सिल्व्हिया पिनाल आणि ‘विरिदियाना’

मेक्सिकोच्या अभिनेत्री सिल्व्हिया पिनाल २८ नोव्हेंबर २०२४ रोजी निवर्तल्या. त्यांचे नाव निघाले की पाठोपाठ ‘विरिदियाना’ (१९६१) या चित्रपटाचे नाव येते. आणि त्या चित्रपटाचे सारे श्रेय, तसाच सारा दोषही, दिग्दर्शक लुइस बुन्युएल यांच्या पदरात घातला जातो. ही वाटणी आम्हांस मान्य नाही.

पिनाल यांची घडण विनोदी चित्रपटांत आणि रंगमंचावर झाली. १९५८ साली त्यांनी ‘बेल्स आर रिंगिंग’ ही अमेरिकन संगीतिका स्पॅनिश भाषेत मेक्सिकोच्या रंगभूमीवर आणली व प्रमुख भूमिकाही केली. गाणे, नृत्य आणि संवाद एकाच दमात पेलताना कोठे थांबावे याचे जे भान नटीला येते, ते त्यांना या कामात लाभले असावे. पुढे १९८६ ते २००७ या काळात दूरचित्रवाणीवर त्यांनी स्त्रियांच्या दुःखांच्या सत्यकथा सादर केल्या. तेथे हे भान पुष्कळदा सुटलेले दिसते, असो.

विरिदियाना ही व्रतग्रहणाच्या उंबरठ्यावर असलेली उमेदवार धर्मभगिनी. विधुर काकांच्या घरी तिच्यावर जो प्रसंग ओढवतो, त्यानंतर काका गळफास घेतात. ती मठात परतत नाही; भिकाऱ्यांना वाड्यावर आणून त्यांची सेवा करू लागते. बदामाच्या झाडांखाली ती त्यांच्यासह देवदूताच्या निरोपाची प्रार्थना म्हणते, आणि मध्येच गवंड्यांचे काम, फळ्यांचा खडखडाट पडद्यावर येतो. बुन्युएल यांना येथे उपहास अभिप्रेत असेलही. पिनाल यांचा चेहरा मात्र त्या उपहासात सामील होत नाही. त्या खरोखर प्रार्थना करतात! नटीने येथे डोळा मिचकावला असता, तर हा चित्रपट केवळ टवाळी ठरला असता.

भिकाऱ्यांच्या मेजवानीत प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या चित्राची जी विटंबना होते, ती आम्हांलाही बोचते. कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाल्यावर व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने चित्रपटाचा निषेध केला. स्पेनमध्ये तो १९७७ पर्यंत बंदीत राहिला. तो संताप आम्ही समजू शकतो. परंतु सेवा घेणाऱ्याने कृतज्ञच असावे, ही विरिदियानाची अपेक्षा आपल्या दानधर्मातही लपलेली नसते काय? हा प्रश्न बोचतो तो पिनाल यांनी तिला भोंदू न करता प्रामाणिक ठेवले म्हणूनच.

उपहास त्यांना जमत नव्हता, असे कोणी म्हणू नये. ‘सिमोन देल देसिएर्तो’मध्ये (१९६५) खांबावर तप करणाऱ्या साधूला भुलविणारा सैतान त्यांनीच रंगविला, तोही खट्याळपणे, मजेत. म्हणजे ‘विरिदियाना’तील संयम हा जाणीवपूर्वकच होता.

शेवटच्या प्रसंगात काट्यांचा मुकुट आगीत जळतो आणि केस मोकळे सोडलेली विरिदियाना चुलतभावाच्या दारावर थाप देते. आत मोलकरीण आहे. पाश्चात्त्य नाचगाण्याची तबकडी वाजत असते. तिघे पत्ते खेळावयास बसतात. मूळ शेवट सेन्सॉरला रुचला नाही, म्हणून हा योजला गेला, आणि तो अधिकच झोंबरा ठरला. पिनाल येथे जवळजवळ काहीच करीत नाहीत. न रडतात, न लाजतात. हातात आलेल्या पत्त्यांकडे पाहत राहतात.