सालदार: एका शब्दाचं रसग्रहण

गुढीपाडवा जवळ आला की वाशीम, रिसोडकडच्या खेड्यांत विचारणा होते, ‘यंदा साल कोनाकडं?’ नोकरी, मालक, पगार यांतलं काहीच बोलावं लागत नाही. पाडवा ते पाडवा एकाच शेतकऱ्याकडे राबायचं, हे सगळं ‘साल’ या दोन अक्षरांत येतं.

त्याची क्रियापदं पाहा. साल ठरतं, साल धरतात, साल मोडतं. ठरताना उचल मिळते, गैरहजेरीचे खाडे मोजले जातात. मध्येच मोडलं तर उचल अंगावर बसते. यातलं ‘मोडणं’ मला फार बोलकं वाटतं. नोकरी सुटते, साल मात्र मोडतं, जसं जुळलेलं लग्न मोडतं. करार बहुतेक तोंडीच, त्यामुळे मोडतो तो दिलेला शब्दच.

मग ‘दार’. फारसीतून आलेला हा प्रत्यय धारण करणाऱ्याचा: खातेदार, भागीदार, ठेकेदार. खातेदाराच्या नावावर शेत असतं, सालदाराच्या नावावर नुसतं वर्ष. तरीही ‘सालगडी’पेक्षा या शब्दात मान अधिक आहे. पोळ्याला हा मान दिसतो. आदल्या संध्याकाळी हळद-तेलाने बैलांचे खांदे सालदारानेच चोळलेले असतात, तोरणाखाली जोडीचा कासरा त्याच्या हाती असतो आणि बैल घरोघर नेल्यावर बोजारा, म्हणजे त्या घरची बक्षिसीही, त्यालाच मिळतो.

पण हाच शब्द बरंच झाकतोही. त्यात वर्ष आहे, तास नाहीत. पहाटेचं शेण, दिवसाचा वखर-डवरा, रात्रीची जागल, सगळं एकाच सालात बसवलं जातं. रोजानं जाणारा संध्याकाळी सुटतो. सालदार सुटतो तो पाडव्यालाच. आणि गोठा झाडणारी त्याची बायको? तिला ‘सालदारीण’ म्हणतात, पण साल काही तिच्या नावानं ठरत नाही. उचलीपोटी माणूस बांधून ठेवणाऱ्या वेठबिगारीवर 1976च्या कायद्यानं बंदी आणली. उचल आणि वेठ यांच्यातली रेघ मात्र अनेक सालांत पुसटच राहिली.

ट्रॅक्टर आले, बैलजोड्या घटल्या, तसे सालदारही कमी झाले. जे आहेत त्यांचं साल ठरवताना शेतकऱ्यांनी एवढं करावं: रक्कम, सुट्ट्या आणि रात्रीच्या जागलीचा वेगळा मोबदला कागदावर लिहावा, आणि घरची बाई कामाला येणार असेल तर तिची मजुरी तिच्या नावानं लिहावी.