बसमधली जागा

भाचीने 'एलिनर अँड पार्क' वाचून संपवली आणि मला एकच प्रश्न विचारला, "ती शाळेत कुणाला सांगत का नाही?" भाची नववीत आहे. कादंबरी मी पूर्वी वाचली होती, तरी उत्तर सुचेना. म्हणून पुन्हा वाचली. (पुढे शेवट फोडला आहे, ज्यांना वाचायची आहे त्यांनी इथेच थांबावं.)

रेनबो रॉवेलची ही कादंबरी २०१२मध्ये ब्रिटनमध्ये आणि पुढल्या वर्षी अमेरिकेत आली. काळ १९८६चा, गाव नेब्रास्का राज्यातलं ओमाहा. एलिनर शाळेत नवी आहे. अंगाने थोराड, केस लालभडक, कपडे पुरुषी आणि ठिगळं लावलेले. पहिल्या दिवशी बसमध्ये तिला कुणी बसू देत नाही. शेवटी पार्क वैतागून, शिवी हासडत तिला शेजारी बसायला सांगतो. यात दया नाही. आपल्याकडे सगळ्यांचं लक्ष जाऊ नये एवढीच त्याची धडपड आहे. प्रेमकथेची ही सुरुवात मला फार खरी वाटते, कारण वर्गात कुणाचा छळ होत असतो तेव्हा बाकीचे बहुतेक जण पार्कसारखेच असतात. वाईट नसतात, फक्त आपली पाळी येऊ नये म्हणून खिडकीबाहेर बघतात.

मग ती चोरून त्याची कॉमिक्स वाचू लागते, तो पान उलटायला मुद्दाम वेळ लावतो, कॅसेट्स येतात, वॉकमनचे सेल येतात. हा भाग सगळ्यांनाच आवडतो, मलाही. पण कादंबरीचं वजन दुसरीकडे आहे.

एलिनरच्या घरी बाथरूमला दार नाही. पाच भावंडं एका खोलीत. सावत्र बापाने तिला एकदा घराबाहेर काढलं होतं आणि ती वर्षभर परक्यांकडे राहून आली आहे. तो घरी यायच्या आत आंघोळ उरकायची हा तिचा रोजचा हिशोब. तिच्या पुस्तकांच्या कव्हरांवर कुणीतरी घाणेरडं लिहीत असतं, आणि हे टीना नि तिच्या टोळक्याचं काम असं ती धरून चालते. वाचकही तसंच धरतो. ते अक्षर सावत्र बापाचं आहे हे शेवटाकडे कळतं, आणि त्या रात्री तिला लपवायला मदत कोण करतं, तर टीना आणि स्टीव्ह, बसमध्ये तिला छळणारे.

यावर काहींनी 'सोयीस्कर हृदयपरिवर्तन' असा शेरा मारलेला मी ऐकला आहे. मला ते पटत नाही. टीना बदलत नाही. ती त्याच वस्तीतली आहे, दारू प्यायलेला बाप म्हणजे काय हे तिला सांगावं लागत नाही, इतकंच. भाचीच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. शाळेत समुपदेशक बाई आहेत, बऱ्याही आहेत. पण बसमधल्या छळाची तक्रार केली की कुणीतरी घरी विचारपूस करणार, आणि एलिनरला भीती त्या दाराची आहे.

आपल्याकडे या प्रकाराला धड शब्दही नाही. 'रॅगिंग' कॉलेजात होतं. शाळेत होतं ते 'चिडवणं'. चिडवणं म्हटलं की चिडणाऱ्याचीच चूक.

आता मला खटकलेलं. व्यायामाच्या तासाला मुली एलिनरचे कपडे संडासात टाकतात. तिला तंग जिमसूटमध्ये सगळ्यांसमोरून जावं लागतं. पार्क तिला तसं बघतो आणि त्याच्या मनात तिची ओढ जागी होते. पुढची पानं त्या ओढीची आहेत. तिचा अपमान हा त्याच्या प्रेमाला लागणारं इंधन होतो, आणि लेखिका तिथे थबकतही नाही. पार्कची आईही तशीच. कोरियन, अमेरिकी सैनिकाशी लग्न करून आलेली, मोडकं इंग्रजी बोलणारी, गॅरेजमध्ये ब्यूटी पार्लर चालवणारी. अनेक आशियाई-अमेरिकी वाचकांना ती आणि पार्कचा स्वतःच्या चेहऱ्याबद्दलचा संकोच लागले. त्यांचं बरोबर आहे. गोऱ्या मुलीचं दारिद्र्य लेखिकेला आतून माहीत असल्यासारखं उतरतं. ही आई मात्र बाहेरून पाहिलेली राहते.

तरीही प्रकरणं आलटूनपालटून दोघांच्या बाजूने लिहिल्याचा मोठा फायदा होतो. मिलिंद बोकीलांची 'शाळा' (२००४) माझ्या पिढीची लाडकी. त्यातली शिरोडकर आपल्याला दिसते ती जोशीच्या नजरेतून. पोरं मागावर असतात तेव्हा तिला काय वाटत असेल, हे मी ती कादंबरी तीनदा वाचूनही स्वतःला कधी विचारलं नव्हतं. एलिनरनंतर विचारलं.

२०१३मध्ये मिनेसोटातल्या काही पालकांनी या पुस्तकातल्या शिव्यांवरून गदारोळ केला आणि लेखिकेची ठरलेली भेट रद्द झाली. त्यातल्या कितीतरी शिव्या छळणाऱ्यांच्या आणि सावत्र बापाच्या तोंडी आहेत. एलिनरने त्या ऐकायच्या, मुलांनी मात्र वाचायच्या नाहीत!

शेवटी ती मामाकडे निघून जाते आणि पार्कच्या पत्रांना उत्तर देत नाही. बऱ्याच दिवसांनी एक पोस्टकार्ड येतं, त्यावर तीन शब्द. कोणते, ते सांगितलेलं नाही. भाचीची खात्री आहे की ते नेहमीचेच तीन. मी तिला म्हटलं, "'मी बरी आहे' हेही तीनच होतात." ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मावशी, ते मराठीत."