‘सांपोची घडण’ : अग्नी आणि श्रम

एलियास ल्योनरोट यांनी लोकगीतांतून सिद्ध केलेल्या ‘कालेवाला’ या फिनिश महाकाव्याच्या (१८४९) दहाव्या सर्गात लोहार इल्मारिनेन ‘सांपो’ हे समृद्धिदायी यंत्र घडवतो. काव्यात प्रथम दास भाता चालवतात. परंतु सांपो सिद्ध होतो तो चारी दिशांचे वारे भट्टी फुलवतात तेव्हाच. आक्सेली गालेन-काल्लेला यांनी १८९३ च्या चित्रात मात्र भात्यापाशी राबणारी माणसेच रंगवली आहेत. सांपो दृष्टीस पडत नाही. दिसतो तो भट्टीत डोकावणारा लोहार. यामुळे पुराणकथेतील अद्भुताचा लोप होतो, असा आक्षेप संभवतो. तो ग्राह्य वाटत नाही. कारण लोहाराच्या एकाग्र दृष्टीत ते अद्भुत शिल्लक राहिले आहे. वाऱ्यांचे श्रेय श्रमिकांना देणारे हे चित्र म्हणूनच काव्यावरील स्वतंत्र भाष्य ठरते.