श्यामची आई आणि दत्तूची आई

मराठी साहित्यात आईचा गौरव पुष्कळ झाला. आईच्या दिवसाची नोंद मात्र फार थोडी झाली. हे विधान कोणास धाडसाचे वाटेल. आईविषयी काही लिहिले गेले नाही असा कालखंड आपल्या वाङ्मयात शोधूनही सापडणार नाही, हे आम्हांलाही ठाऊक आहे. परंतु त्या लेखनाचा मोठा भाग मुलांनी, आणि तोही मोठेपणी, मागे वळून पाहताना लिहिला आहे. जात्यावरच्या ओव्या हा त्याला सन्मान्य अपवाद. तेथे आई स्वतः बोलते, तान्ह्याला न्याहाळते, दमते आणि पुन्हा दळू लागते. पण जाते थांबले आणि तो आवाजही घरातून गेला. लहान मुलांच्या धांदलीत बुडालेल्या आईबापांना आज वाचायला काय द्यावे, हा प्रश्न आम्हांला पडला तो एका चुकीमुळे, आणि ती चूक आमचीच होती.

डोंबिवलीतील आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी घरी वाचनासाठी जमतात. एकदा तरुण पालकांसाठी पुस्तक सुचवण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही क्षणाचाही विचार न करता ‘श्यामची आई’ सुचवले आणि वर असेही म्हणालो, की प्रत्येक आईने आपले वागणे या पुस्तकाशी ताडून पाहावे. पुढच्या बैठकीत एक तरुण आई शेवटपर्यंत गप्प होती. तिचा थोरला पाच वर्षांचा, धाकटी दोन वर्षांची, नोकरी मुंबईत. निघताना ती म्हणाली, “सर, पुस्तक फार सुंदर आहे. पण ते वाचून मला माझीच लाज वाटू लागली आहे. मी तर सकाळपासून नुसती ओरडत असते.” आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. घरी आल्यावर मात्र ते वाक्य मनातून जाईना. एखादे पुस्तक वाचून आई अधिक प्रेमळ होण्याऐवजी केवळ अपराधी होत असेल, तर दोष आईचा, पुस्तकाचा, की ते हाती देणाऱ्याचा?

तिची सकाळ आमच्या वाचकांना वर्णन करून सांगायला नको. पाचला उठून एका शेगडीवर कुकर, दुसरीवर दूध. शाळेच्या बुटांपैकी एकच सापडतो; दुसरा धाकटीने पलंगाखाली ढकललेला असतो. डबा भरला की बाटली राहते, बाटली भरली की वहीत सही करायची राहते. खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवत असतात. धाकटीला पाळणाघरात सोडताना ती पदर धरते, आणि तो सोडवून धावल्याखेरीज गाडी मिळत नाही. लेडीज डब्यात कोणी मटार सोलते, कोणी उभ्या उभ्या डुलकी काढते. संध्याकाळी घरी आल्यावर दोन्ही मुले एकाच वेळी बोलू लागतात. आणि याच गोंधळात थोरला विचारतो, “आई, रात्री गाडी कुठे झोपते?” दिवसभराचा शीण त्या एका प्रश्नाने क्षणभर नाहीसा होतो. असा क्षण कोठे लिहून ठेवलेला नसतो, म्हणून तो हरवतो; ओरडणे मात्र लक्षात राहते.

आम्ही ‘श्यामची आई’ पुन्हा वाचायला घेतली. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले, आणि ही माऊली घराघरांत पोचली. पुस्तकाची रचना सर्वांना माहीत आहे. आश्रमातील मित्रांना श्याम रात्रीमागून रात्री आपल्या आईच्या आठवणी सांगतो. पण या रचनेचा अर्थ आमच्या ध्यानात पूर्वी आला नव्हता. सांगणारा मोठा झाला आहे, आई या जगात नाही, आणि ऐकणारे तिला ओळखत नाहीत. रोजच्या शंभर गोष्टींतून तीच उरली आहे, जिने श्यामला घडवले. आंघोळीनंतर पायांना माती लागू नये म्हणून लुगडे पसरणारी आई आठवणीत राहिली, कारण मनालाही घाण लागू देऊ नये हा बोध त्या प्रसंगातून निघाला. ज्या सकाळी तिने कंटाळून “जा, तसाच पाय टाक” म्हटले असेल, ती सकाळ बोधाअभावी गळून गेली. हा दोष नव्हे. स्मरणाचा आणि भक्तीचा तो स्वभावच आहे. मात्र भक्तीने निवडलेल्या बेचाळीस रात्री म्हणजे आईचे सगळे दिवस असे समजणे, हा वाचकाचा दोष आहे. आम्ही तो केला.

दुसरी गोष्ट अशी, की पुस्तकात जी आई आहे ती आपण मनाशी बाळगलेल्या मूर्तीपेक्षा पुष्कळ खरी आहे. पोहायला जायचे टाळून लपून बसलेल्या श्यामला ती बाहेर काढून शिंपटीने मारते आणि नंतर त्याची समजूत घालते. इतरांच्या आधी फुले मिळावीत म्हणून मुक्या कळ्या तोडणाऱ्या मुलाला ती बोल लावते. सावकाराच्या तगाद्याने ती खचते. घरात एक जिन्नस असला तर दुसरा नसतो, आणि त्या ओढाताणीत तिचे शरीर झिजते. मूर्ती घडवली ती मुख्यतः भाषणांनी, निबंधांनी आणि आमच्यासारख्या सुचवणाऱ्यांनी. याच साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ या नावाने ग्रंथरूप दिले, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. आईचा स्वतःचा शब्द निराळा असतो आणि तो जपला पाहिजे, हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळले होते.

मग बाप काय लिहितात? चिं. वि. जोशी यांचे चिमणराव हे आमच्या पिढीचे लाडके गृहस्थ. मोरू, मैना, काऊ आणि सदा आधाराला असणारे गुंड्याभाऊ या परिवारात मुलांचे आजार, हट्ट, खोड्या सारे काही आहे. मूल वाढवणे ही हसण्याजोगीही गोष्ट आहे, हे मराठी वाचकाला त्यांनी मनमोकळेपणाने सांगितले. पण हे हसू कचेरीतून घरी आलेल्या माणसाचे आहे. गोंधळ तो पाहतो, प्रसंगी वाढवतो. निस्तरणारे हात काऊचे असतात, आणि काऊला लेखणी दिलेली नाही. आमच्याच गावाचे नाव जगभर नेणारा निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ हा २००५ सालचा चित्रपट घ्या. संदीप कुलकर्णी यांनी साकारलेला माधव आपटे हा दोन मुलांचा बाप. घर, गाडी, बँक, पुन्हा गाडी, पुन्हा घर हे त्याचे चक्र दिग्दर्शकाने इतक्या अचूकपणे फिरवले आहे, की प्रत्येक डोंबिवलीकराला आपली सकाळ ओळखू येते. अन्यायाने त्याचा तोल जातो आणि कथा रस्त्यावर उतरते. तोच तिचा विषय असल्याने तक्रारीला जागा नाही. तरीही एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. त्या चक्रात घर हे गाडीच्या अलीकडचे आणि पलीकडचे स्थानक आहे. मुले तेथे आहेत, पण त्यांचा गलका पार्श्वभूमीला आहे. डोंबिवलीच्या बापाची व्यथा पडद्यावर आली; डोंबिवलीच्या घरातली संध्याकाळ अजून यायची आहे.

अशा वेळी आमचा हात ‘स्मृतिचित्रे’ कडे गेला. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले, म्हणजे ‘श्यामची आई’ आणि हे पुस्तक जवळजवळ एकाच वेळी मराठी वाचकांपुढे आले. ते आपण बहुधा धर्मांतराची कथा म्हणून, किंवा रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या थोर, लहरी आणि उदार स्वभावाचे चित्र म्हणून वाचतो. या वेळी आम्ही ते एका आईचे पुस्तक म्हणून वाचले, आणि ते आम्हांला नवे वाटले.

लक्ष्मीबाईंचे बालपण सोवळ्याच्या अतिरेकाने पछाडलेल्या वडिलांच्या घरात गेले. त्या धाकाची हकीकत त्या अशी सांगतात, की वाचकाला हसू येते आणि मागाहून त्या लेकरांची कीवही येते. लहान मुलांवर मोठ्यांच्या शिस्तीचे ओझे किती पडते, हे ज्या बाईला आतून माहीत आहे, ती पुढे आई होते. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई चार-पाच वर्षे नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. या वियोगाच्या काळावर दुसऱ्या कोणी शोकगीत लिहिले असते. लक्ष्मीबाई दुःख लपवत नाहीत, पण त्याचे प्रदर्शनही मांडत नाहीत. स्वतःची फजिती, घाबरटपणा, चुकलेले अंदाज, नवऱ्याशी झालेली भांडणे हे सारे त्या एकाच समान, घरगुती आवाजात सांगतात. शेजारणीला ओट्यावर बसून सांगावे, असा तो आवाज आहे.

पुढे नगरच्या त्यांच्या घरात पोटच्या लेकराइतकीच परक्यांची वर्दळ असे. तरुण ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, त्या घरी राहिले. महाराष्ट्राने ज्यांना निसर्गाचा कवी म्हणून डोक्यावर घेतले, ते लक्ष्मीबाईंच्या पानांवर रुसणारे, फुगणारे आणि समजूत काढावी लागणारे एक मोठे मूल म्हणून भेटतात. यात कवीचा अधिक्षेप नाही. ज्या घरात जेवायला किती माणसे असतील याचा भरवसा नसे, तेथील स्वयंपाकघरातून पाहिले म्हणजे प्रतिभावंतही असाच दिसणार. त्यांच्या पतीने बाण लागूनही पिलांकडे परतणाऱ्या पक्षिणीवर ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता लिहिली, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती शाळेत पाठ झाली. ती पक्षीण थोर आहे, यात संशय नाही. पण तिला पिलांवर कधी चिडता येत नाही, आणि मरणाखेरीज तिला विसावाही नाही. तिच्या शेजारी लक्ष्मीबाई ठेवल्या म्हणजे कवितेतली आई आणि घरातली आई यांतले अंतर कळते. घरातली आई चिडते, चुकते, हसते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चूल पेटवते.

कोणी म्हणेल, अशाने आईपणाचे पावित्र्य कमी होईल. आम्हांला तसे वाटत नाही. लूककृत शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू यरुशलेममध्ये मागे राहतो. तो नातलगांच्या घोळक्यात असेल असे समजून आईबाप एक दिवसाची वाट चालून जातात. तीन दिवसांनी तो सापडतो. तेव्हा आई त्याला विचारल्यावाचून राहत नाही, आणि त्याचे उत्तर त्या दोघांना समजत नाही. शुभवर्तमानकाराने ही तारांबळ झाकून ठेवली नाही. ज्या पवित्र कुटुंबाचे चित्र आपण भिंतीवर लावतो, त्याच्याही वाट्याला ते तीन दिवस आले होते. मिस्साच्या वेळी मूल रडू लागले की मान खाली घालून बाहेर जाणाऱ्या आईला हे कोणी तरी सांगायला हवे.

‘स्मृतिचित्रे’ कडूनही आमच्या पालकांनी सर्व काही मिळण्याची अपेक्षा धरू नये. लक्ष्मीबाईंना सातची गाडी पकडायची नव्हती, आणि पाळणाघराच्या दारात मागे राहणाऱ्या मुलाच्या आईची टोचणी त्या पुस्तकात नाही. ते पुस्तक अजून कोणी लिहायचे आहे. पण लिहायचे कसे, याचा धडा तेथे आहे. लक्ष्मीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या. वडिलांचे चरित्र लिहू पाहणाऱ्या मुलाने आठवणी लिहून काढण्याचा आग्रह धरला, आणि त्या बोलत तशा लिहीत गेल्या. १९३६ साली त्यांचे निधन झाले तेव्हा पुस्तक अपुरे होते. ते पुरे केले देवदत्त टिळकांनी, म्हणजे त्या दत्तूनेच. श्यामने आपली आई तिच्या मागे उभी केली. दत्तूने आपल्या आईला ती असतानाच बोलते केले, तिचे ऐकले, आणि मग उरलेले लिहिले. आमच्या घरांतील मुलांनी आणि पतींनी दोन्ही करावे. पण दुसरे अगोदर करावे.

त्या तरुण आईकडे आम्ही पुढच्या महिन्यात ‘स्मृतिचित्रे’ ची प्रत नेऊन दिली आणि पहिल्या शिफारशीबद्दल माफी मागितली. ‘श्यामची आई’ परत घेतली नाही; ती घरात असावीच, फक्त मोजपट्टी म्हणून नव्हे. सोबत एक कोरी वहीही दिली. ती हसून म्हणाली, “सर, लिहायला वेळ कुठे आहे?” आम्ही म्हटले, दिवसाला एक ओळ पुरे. त्यानंतरच्या बैठकीत वहीची गोष्ट निघाली तेव्हा तिने पहिले पान उघडून दाखवले. त्यावर तारीख होती, खाली गाडी रात्री कुठे झोपते हा थोरल्याचा प्रश्न होता, आणि उरलेल्या पानभर धाकटीने निळ्या खडूने रेघोट्या ओढल्या होत्या.