सलीमाला विचारले कोणी?

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात आमची एक कथा छापून आली होती. लग्नाला नऊ वर्षे झालेली बाई, सासूचे टोमणे, दर्ग्यावरची मन्नत, मुंबईचा डॉक्टर आणि शेवटच्या परिच्छेदात पाळणा. कथा बरी जमली, असे आम्हाला वाटले होते. ईदला गावी गेलो तेव्हा आमच्या चुलत बहिणीने शीरखुर्म्याची वाटी हातात देताना एवढेच विचारले, "भाईजान, तुमच्या गोष्टीतल्या बाईला पोर झालं. माझी गोष्ट लिवायला घेतली तर कुठं थांबवाल?"

तिच्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षे झाली होती. घरातल्या प्रत्येकाने तिला सल्ला दिला होता. आम्हीही एकदा एका हकीमाचा पत्ता लिहून दिला होता. तिला काय वाटते, हे मात्र आम्ही कधी विचारले नव्हते. त्या दिवसापासून मूल नसण्याविषयीचे साहित्य वाचताना आम्ही शेवटाकडे धावणे सोडून दिले. त्या बाईजवळ कोण बसते, काय बोलते आणि तिचे कोण ऐकून घेते, एवढेच आम्ही पाहू लागलो. या कसोटीवर काही नामांकित कलाकृती पुन्हा वाचून पाहिल्या. त्यातून जे हाती आले ते येथे मांडत आहोत.

सुरुवात मंटोपासून करू. 'शाहदौले का चूहा' ही त्यांची कथा आपल्याकडे 'टोबा टेकसिंग'इतकी वाचली जात नाही. सलीमाचे लग्न एकविसाव्या वर्षी झाले, पाच वर्षे झाली तरी मूल नाही. नजीबने दुसरे लग्न करू नये ही तिच्या आईची धास्ती. डॉक्टर झाले, उपाय झाले. मग फातिमा नावाची मैत्रीण कडेवर मूल घेऊन येते आणि पंजाबातल्या गुजरात शहरातील शाहदौला यांच्या दर्ग्याचा रस्ता दाखवते. तिथल्या समजुतीप्रमाणे पहिले मूल दर्ग्याला द्यायचे असते. अशी लहान डोक्याची मुले 'चूहा' म्हणून भीक मागत फिरवली जातात. सलीमाला मुलगा होतो आणि ती तो देऊन टाकते. पुढे तिला आणखी मुले होतात. एक दिवस दारात भिकारी येतो, त्याच्याबरोबरच्या 'चूह्या'च्या गालावरची खूण ती ओळखते. पाचशे रुपये मोजून आपलेच मूल विकत घेते आणि तेही हातातून निसटते.

ही कथा अंधश्रद्धेवरचा प्रहार म्हणून वाचली जाते आणि ते वाचन चुकीचे नाही. पण आमच्या बहिणीचा प्रश्न मनात ठेवून वाचले की दुसरीच गोष्ट दिसते. सलीमाभोवती माणसे पुष्कळ आहेत आणि सगळी तिच्या भल्याची आहेत. आई काळजी करते, सासू काळजी करते, मैत्रीण तर जीव लावणारी आहे. प्रत्येकाजवळ एकेक उपाय आहे. मूल झाले नाही तर तू कशी जगशील, कशाची भीती वाटते, नजीबशी तू काय बोललीस, असे विचारणारे कोणी नाही. दर्गा तिला फसवतो तो याच पोकळीत. जिथे ऐकणारे माणूस नाही तिथे वचन देणारा कोणीही चालतो, मग तो मुजावर असो की भिंतीवर बाळांचे फोटो लावणारे चकचकीत केंद्र असो. शिवाय मूल झाल्यावरही सलीमाचे दुःख संपत नाही, हे मंटोंनी निर्दयपणे दाखवले आहे. आमच्या कथेत पाळण्याजवळ सगळे मिटले होते. मंटोंच्या कथेत खरी जखम पाळण्यापासून सुरू होते.

दुसरी कलाकृती दूरच्या देशातली आहे, पण तिचे घर आपल्याला ओळखीचे वाटावे. स्पॅनिश कवी-नाटककार फेदेरिको गार्सिया लोर्का यांचे 'येरमा' हे नाटक 1934 साली माद्रिदमध्ये रंगभूमीवर आले. येरमा या नावाचाच अर्थ उजाड, नापीक असा होतो. नवरा हुआन शेतात राबतो, पैसा जोडतो, बायकोने उंबरा ओलांडू नये म्हणून बहिणींना पहाऱ्याला आणून बसवतो. येरमा एका अनुभवी म्हातारीला कळवळून विचारते की मला खरे काय ते सांगा. म्हातारी वेळेवर बोलत नाही. नदीवर कपडे धुणाऱ्या बायका मात्र येरमाविषयी पुष्कळ बोलतात. शेवटी एका जत्रेच्या ठिकाणी हुआन पहिल्यांदा मोकळेपणी सांगतो की त्याला मुलाची ओढ कधी नव्हतीच, जे आहे त्यात तो सुखी आहे. येरमा त्याचा गळा दाबते.

समीक्षकांनी येरमाच्या मातृत्वाच्या ध्यासावर बरेच लिहिले आहे. आम्हाला शेवटच्या त्या संवादाचे स्थान महत्त्वाचे वाटते. नवरा-बायकोने पहिल्या अंकात करायचे बोलणे लोर्कांनी शेवटच्या प्रवेशात ठेवले आणि तिथे ते जीवघेणे ठरले. एवढी वर्षे दोघे एका छताखाली दोन वेगवेगळी दुःखे, किंवा एक दुःख आणि एक बेफिकिरी, घेऊन राहत होते. या नाटकाची शोकांतिका वांझपणातून जितकी येते, तितकीच ती उशिरा झालेल्या या संभाषणातून येते.

मग दोघे एकमेकांशी बोलत असतील तर पुरते का? याचे उत्तर पेरुमाळ मुरुगन यांच्या 'मादोरुबागन' या तमिळ कादंबरीत आहे. 2010 सालच्या या कादंबरीतले काली आणि पोन्ना यांच्या लग्नाला बारा वर्षे झाली आहेत. त्यांच्यात प्रेम आहे, थट्टा आहे, शरीराची ओढ आहे. कालीला दुसरे लग्न नको आहे. तरीही शेतातल्या भांडणात, शुभकार्यात, नात्यागोत्यात हे मूल नसणे सतत त्यांच्या तोंडावर फेकले जाते. तिरुचेंगोडच्या रथोत्सवातल्या एका रात्री परपुरुषाकडून मूल मिळवण्याची जुनी रीत आहे. पोन्नाला तिथे पाठवण्याचा घाट तिचे स्वतःचे घरचे लोक घालतात. कालीची संमती आहे असे तिला खोटे सांगितले जाते आणि तिचा भाऊ कालीला दारू पाजायला घेऊन जातो. ज्या दोघांचे मूल, त्या दोघांनाच निर्णयातून वगळले जाते.

या कादंबरीवर 2014 च्या अखेरीस गदारोळ झाला आणि जानेवारी 2015 मध्ये मुरुगन यांनी आपल्यातला लेखक मेल्याचे जाहीर केले. जुलै 2016 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. चर्चा झाली ती समाजाच्या अब्रूची आणि लेखनस्वातंत्र्याची. ती आवश्यकही होती. पण त्या गोंगाटात पोन्नाचे दुःख पुन्हा एकदा कोणी ऐकले नाही, ही त्या प्रकरणातली दुसरी शोकांतिका होय.

आता कोणी म्हणेल की या कथांमध्ये समुपदेशक आणून बसवला तर कथाच उरणार नाही. ही शंका आम्हालाही आली होती. ती समुपदेशनाविषयीच्या गैरसमजातून येते. समुपदेशक मूल देत नाही आणि धीराची ठरावीक वाक्येही देत नाही. तो नवरा-बायकोला एकत्र बसवतो आणि न बोललेले बोलू देतो. तपासणी दोघांची होणार ना? घरात कोणाला सांगायचे आणि कोणाला नाही? नणंदेच्या बाळाच्या अकीक्याला जावेसे वाटत नसेल तर काय करायचे? गर्भ रोपण केल्यापासून रक्ततपासणीपर्यंतचे सुमारे दोन आठवडे कसे काढायचे? उपचार फसला तर ज्याचा जनाजा निघत नाही असे दुःख कुठे ठेवायचे? दागिने मोडून झाले, आता थांबायचे कधी? या प्रत्येक प्रश्नात एक कथा आहे आणि तीत संघर्षाला तोटा नाही. आमच्या साहित्यात ती अजून फारशी लिहिली गेलेली नाही, एवढेच.

हे दुःख थोड्यांचे आहे असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 सालच्या अहवालानुसार जगातील प्रौढांपैकी सुमारे साडेसतरा टक्के, म्हणजे सहांमध्ये एक, आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जातात. कारण स्त्रीत असू शकते, पुरुषात असू शकते, दोघांतही असू शकते आणि काही वेळा सापडतच नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले त्याला 1986 पासून किती वर्षे लोटली. विज्ञान पुढे गेले, पण बोलण्याची भाषा मात्र 'वांझ' या एका शब्दापाशी अडून राहिली. या शब्दाला पुरुषासाठी घरोघर वापरला जाणारा तितकाच धारदार जोडशब्द आपल्याकडे नाही, हेही भाषेने नोंदवून ठेवले आहे. 2021 च्या कायद्याने अशा उपचार केंद्रांवर समुपदेशनाची जबाबदारी टाकली आहे. कायद्याला जे सुचले ते कथाकारांना सुचायला हवे होते.

आपल्या समाजात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. जायज काय, नाजायज काय, ही धास्ती दवाखान्याच्या दारापर्यंत सोबत येते. पती-पत्नीच्याच बीजांपासून होणारा उपचार अल-अझहरच्या फतव्याने 1980 मध्येच मान्य केला होता. तिसऱ्याचे बीज घेण्यास बहुसंख्य सुन्नी उलेमांचा नकार आहे. मूल दत्तक घ्यावे तर वंश आणि वारशाचे प्रश्न पुढे येतात. 2014 च्या शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेता येते, हे स्पष्ट केले. ज्याला ते नको त्याच्यावर सक्ती नाही. हे सगळे माहीत असलेला आणि तरी निर्णय त्या दोघांवर सोडणारा माणूस त्यांना भेटला पाहिजे.

आणि नमुना शोधायला फार दूर जायला नको. सूरह मरयममध्ये हजरत जकरिया अलैहिस्सलाम हलक्या आवाजात आपल्या रबला साद घालतात. म्हातारपण, पत्नीचे वंध्यत्व आणि आपल्यामागे कोण, ही चिंता ते बोलून दाखवतात. एक पुरुष, तोही पैगंबर, मूल नसल्याचे दुःख स्वतःच्या तोंडाने सांगतो. आमच्या वाझमध्ये हा किस्सा हजरत यह्यांच्या जन्मासाठी सांगितला जातो, त्या हलक्या आवाजासाठी क्वचितच. सूरह शूरामध्ये कोणाला मुली, कोणाला मुलगे, कोणाला दोन्ही आणि कोणाला काहीच नाही, असे चार जण एका ओळीत येतात. चौथ्यावर तिथे कसलाही ठपका नाही. उम्मुल मोमिनीन हजरत आयेशा यांना मूल नव्हते. बहिणीच्या मुलाच्या, अब्दुल्लाह यांच्या नावावरून त्यांना 'उम्मे अब्दुल्लाह' म्हटले गेले. आमच्या किती बायकांना हे कोणी जवळ बसून सांगितले असेल?

समीक्षकाने लेखकाला विषय पुरवू नयेत, असे म्हणतात. पण आम्ही स्वतःच चुकलेले कथाकार असल्याने एवढे सांगण्याचा हक्क घेतो. मूल नसलेल्या जोडप्याची कथा लिहिताना पाळणा हा शेवट म्हणून वापरू नये. तो आला तर येऊ द्यावा, नाही आला तरी कथा पुरी झाली पाहिजे. पुरुषाला दाराबाहेर पानाच्या टपरीवर उभे न करता आत आणून खुर्चीवर बसवावे. आणि एखादे पात्र असे असावे, जे सल्ला देणार नाही.

आमच्या बहिणीची गोष्ट आम्ही अजून लिहिलेली नाही. यंदा ईदला गावी जाऊ तेव्हा तिच्या चुलीपाशी बसून आधी तिचे ऐकून घेऊ. कुठे थांबायचे ते तीच सांगेल.